मेंढरांपाशी राहिलेला

त्या वर्षीच्या डिसेंबरात मला काहीच वाटत नव्हतं. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, जसं होतं तसं सांगते. जेवणात मीठ जास्त पडलं तर कळायचं, बसमध्ये कुणी पाय तुडवला तर कळायचं, पण त्याच्या पुढे माणसाला जे वाटतं, राग, दया, हुरहुर, ते सगळं बंद पडलं होतं. चाळीच्या नळाचं पाणी गेल्यावर तोटी उघडी राहिली की नुसता फुसफुस आवाज येत राहायचा, माझं तसं झालं होतं. माणसं माझ्याशी बोलायची आणि मी उत्तरं द्यायचे, एवढंच.

घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी बैठी चाळ होती, तिच्यात शेवटून दुसरी खोली आमची. मूळ गाव सावंतवाडीकडचं, धर्माने ख्रिस्ती. शेजारीपाजारी बहुतेक कोकणातलेच, पण हिंदू. गणपतीत त्यांचे मोदक आमच्याकडे यायचे, नाताळात आमच्या नेवऱ्या त्यांच्याकडे जायच्या, आणि दोन्हीकडच्या बायका एकमेकींच्या सारणाला नावं ठेवायच्या. वडील गिरणीत होते. संप झाला, मग गिरणी काही पुन्हा धड उभी राहिली नाही आणि वडीलही राहिले नाहीत. ते गेल्यावर वर्षाच्या आत आईला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. डावा हात तेवढा शाबूत राहिला, आणि तो सारखा काहीतरी शोधत असायचा. चादरीची कड, माझा पदर, हाताला लागेल ते. लागलं की तोंडात.

मी मुलुंडला औषधांच्या एका कंपनीत पॅकिंग खात्यात होते. पहिली पाळी. निघण्याआधी आईला पुसून, पावडर लावून, पेज भरवून ठेवायची. भरवणं हेच खरं काम. घास गेला असं वाटायचं, पण तो गालात साठून राहायचा आणि मग अचानक ठसका लागून डोळे पांढरे व्हायचे. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की तोंडात काही राहू देऊ नका, श्वासनळीत गेलं तर आटोपलं. तेव्हापासून प्रत्येक जेवणानंतर मी तिच्या गालात बोट घालून एकदा फिरवून घ्यायचे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अधूनमधून कूस बदलायची. ओलं झालेलं बदलायचं, धुवायचं, वाळत घालायचं. सुरुवातीला हे करताना मला रडू यायचं, नंतर चीड यायची, नंतर तीही येईनाशी झाली. कंपनीत पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटं पुढे सरकत येतात आणि आपला हात आपोआप उचलतो, खोक्यात घालतो, पुन्हा उचलतो. घरी येऊन मी तेच करत होते.

दिवसभर आईजवळ शेजारच्या काकी बसायच्या. भिंतीला भिंत लागून घर, मालवणकडच्या, माझ्या लहानपणापासून तिथेच. त्यांचे यजमानही गिरणीतलेच. संपानंतर ते देवनारच्या बाजूला एका गोदामावर वॉचमन म्हणून लागले होते आणि ड्युटी या शब्दाला देवासारखं मानायचे. काकींना मी तोंडावर 'तू'च म्हणायचे, लहानपणापासूनची सवय. काकी बडबड्या. आई बोलत नाही याचं त्यांना काहीच वाटायचं नाही. त्या प्रश्न विचारायच्या, उत्तरही त्याच द्यायच्या आणि वर आईशी वाद घालायच्या.

माझा मोठा भाऊ बोरिवलीला फ्लॅटमध्ये राहायचा. महिन्यातून एकदा यायचा, मोसंबी आणायचा, दाराजवळच्या खुर्चीवर बूट न काढता बसायचा. वाईट नव्हता. घरातल्या वासाने त्याचा जीव घाबरा व्हायचा, आणि ते लपवायला तो जास्त मोठ्याने बोलायचा. नोव्हेंबर संपता संपता आला तो एक बातमी घेऊन आला. अंधेरीला चर्चच्या सिस्टर लोकांचं एक घर होतं, आईसारख्या म्हाताऱ्यांसाठी. नवीन वर्षात तिथे एक खाट रिकामी होणार होती. त्याने ओळखीतून शब्द टाकून ठेवला होता.

"नाताळच्या दिवशी मी येतोच," तो म्हणाला. "तेव्हा सांग. हो तर हो, नाही तर नाही. खाट कुणाची वाट बघत नाही."

"तुला काय वाटतं?"

"मला विचारू नको. करतेस तू. पण यार, खरं सांग, तुझी पार वाट लागली आहे. आरशात बघतेस का कधी? आणि तिला कळतं तरी का, की तू आहेस का कोण दुसरी बाई आहे?"

आईचे डोळे माझ्यावरून जायचे तसेच भिंतीवरूनही जायचे.

पुढच्या सुट्टीला मी ती जागा बघून आले. खोट काढण्यासारखं काही नव्हतं. फिनेलचा वास, ओळीने खाटा, पांढऱ्याशुभ्र चादरी, प्रत्येक उशीच्या वर भिंतीला लहानसा क्रूस. एका म्हातारीने माझा हात धरला आणि विचारलं, "आलीस?" मी म्हटलं, आले. ती समाधानाने डोळे मिटून पडली. तिला कोण हवी होती देव जाणे. जागा वाईट निघाली असती तर बरं झालं असतं, बसमध्ये बसल्यावर मला वाटलं, म्हणजे विचार करावा लागला नसता.

तेव्हा अख्ख्या डिसेंबरात माझ्यापुढे एकच गोष्ट होती. आई इथे राहणार की अंधेरीला जाणार. ठरवायचं मला होतं आणि ठरवायला ज्याचा आधार घ्यावा ते माझ्याजवळ उरलं नव्हतं. जीव तुटत असता तर मी नाही म्हणून मोकळी झाले असते. तिचा तिटकारा आला असता तर हो म्हटलं असतं. दोन्ही नव्हतं.

नाताळच्या आदल्या रविवारी मी मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, गेले. काकी घरी बसल्या होत्या, म्हणून माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे. आमच्या चर्चमध्ये तेव्हा वसईकडचे एक तरुण फादर आले होते. त्यांचा उपदेश होता मेंढपाळांच्या निष्ठेवर. मेंढपाळांकडून आपण तीन धडे शिकायचे, ते म्हणाले, आणि बोटं वर केली. पहिला, येशू जन्मल्याचा निरोप घेऊन देवदूत आले तेव्हा ते आपल्या कामावर होते, झोपले नव्हते. दुसरा, निरोप मिळताच निघाले, उद्या बघू म्हणाले नाहीत. मेंढरं तिथेच सोडून धावत बेथलेहेमला गेले, हातातलं सगळं टाकून. तिसरा, पाहिलं ते सगळ्यांना सांगितलं आणि देवाची स्तुती करत परत आपल्या मेंढरांकडे गेले. फादर चांगलं बोलले. पुढच्या बाकावरच्या बाईने डोळे पुसले. मला आठवलं की सकाळी भिजवलेली चादर तशीच बादलीत राहिली आहे.

घरी आले तर काकी आईच्या खाटेखाली वाकून काहीतरी ओढत होत्या. टोपली निघाली. टोपलीत माती, आणि मातीतून वीतभर उगवलेले पिवळे, लांबुडके, मान टाकलेले कोंब.

"हे काय गं?"

"तुमच्या गोठ्याचा गवत," काकी म्हणाल्या. "नाचणी पेरलंय. मागच्या नाताळात पण तू गोठो नाय केलंस, म्हातारीक काय वाटत असात?"

आमच्यात नाताळचा गोठा करतात, गव्हाणीतलं बाळ, मरिया, योसेफ, मेंढपाळ, गुरं. त्यात जमिनीवर गवत दिसावं म्हणून आई डिसेंबर लागला की डब्यांच्या झाकणांतून नाचणी पेरायची आणि खिडकीत उन्हाला ठेवायची. नाताळपर्यंत बोटभर हिरवागार गालिचा तयार. आई पडल्यापासून मी गोठ्याची पेटी उघडलीच नव्हती. काकींनी इतकी वर्षं आमचा गोठा पाहिला होता, पण तयार झालेला. पेरतात कसं ते पाहिलं नव्हतं. त्यांना ठाऊक ते नवरात्रातलं रुजवण. म्हणून त्यांनी टोपलीत माती भरली, अंधारात झाकून ठेवली, आंघोळ करून रोज पाणी शिंपडलं, आणि बहुतेक नमस्कारही केला असणार.

"काकी, गोठ्याला हिरवं लागतं. हे पिवळं झालं."

"आमच्यात पिवळाच येता. पिवळा इला काय बरा म्हणतत." त्या जराही खजील झाल्या नाहीत. "तुझी आवस कशी बघता बघ."

आई छताकडे बघत होती.

तर गोठा करणं आलं. मला त्यात गोडी नव्हती, पण नाही म्हणायलाही काही लागतं. नाताळच्या आदल्या दिवशी पाळी सुटल्यावर आले, ट्रंकेमागची पेटी काढली, जुन्या साड्यांच्या चिंध्यांत गुंडाळलेली मातीची चित्रं सोडली. आईने मुंबईत आल्यावर एकेक करून जमवलेली. योसेफाचा एक हात तुटलेला. तीन मेंढपाळ. मेंढरांपैकी एक भलत्याच कुठल्या तरी संचातलं, गाईपेक्षा मोठं. लहानपणी आम्ही त्याला मेंढरांचा मुकादम म्हणायचो. कोपऱ्यात खोकं आडवं करून मी पेंढा घातला आणि पुढे काकींची ती पिवळी टोपली ठेवली. बेथलेहेममध्ये यंदा दुष्काळ पडल्यासारखं दिसत होतं.

काकी आईच्या पायाला तेल चोळत बसल्या होत्या. त्यांचे यजमान ड्युटीवर निघण्याआधी दारात उभ्याने चहा घेत होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी रविवारचा उपदेश सांगितला. देवदूत आले, मेंढपाळांनी मेंढरं सोडली आणि सगळे बाळ बघायला धावले, ती त्यांची निष्ठा, वगैरे.

काकींचा हात थांबला. "सगळे गेले?"

"हो."

"मग मेंढरांकडे कोण रवलो?"

"म्हणजे?"

"अगो, रात्रीची मेंढरां. कोल्हो इलो, लांडगो इलो, चोर इलो. सगळे गेले तर मेंढरां कोणाच्या जिवार?"

"तसं काही लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"लिव्हला नाय तरी. एक तरी रवलो असतलो."

यजमानांना विषय एकदम पटला. बशी खाली ठेवून म्हणाले, "रवतलोच. देवनारला ट्रकने मेंढरं येतात ना, त्यांच्याबरोबरची माणसं मी रोज बघतो. चहाला जातील, संडासाला जातील, पण सगळे एकदम कधीच नाय. एक बसूनच असतो. ड्युटी सोडून सगळे गेले तर दुसऱ्या दिवशी कामावर कोण ठेवेल?" एवढं बोलून ते ड्युटीवर गेले.

मला हसू यायला हवं होतं. मी खोक्याच्या मागच्या खिळ्याला दोरी बांधत होते. तोंडातून निघून गेलं, "मग त्या राहिलेल्याला काय मिळालं? बाळ तर त्याला दिसलंच नाही."

"मेंढरां गावली," काकी म्हणाल्या. "सकाळी सगळी होती मा? झाला तर. आणि काय व्हया?"

त्या पुन्हा तेल चोळू लागल्या आणि आईला सांगू लागल्या की तुझ्या टाचा बघ कशा फुटल्यात, मेण लावायला पाहिजे.

संध्याकाळी भांडी घासताना मी ठरवून टाकलं. हो म्हणायचं. काकींचा तो राहिलेला मेंढपाळ डोक्यात होता, पण मला तो उलटाच वाटला. राहणाऱ्याला निदान मेंढरांची माया असेल. एकेकाला ओळखत असेल, त्यांच्या अंगाची ऊब त्याला बरी वाटत असेल. मी काय करत होते? पाकिटं उचलून खोक्यात घालत होते. तेच काम अंधेरीच्या सिस्टर प्रार्थना म्हणत करतील, निदान मनापासून करतील. रिकाम्या मनाने आईला धुण्यापुसण्यात कसली निष्ठा? खोटेपणाच तो. खरं बोलायचं तर हो हेच खरं होतं. इतके दिवस डोक्यावर असलेलं ओझं उतरलं की सुटल्यासारखं वाटतं म्हणतात. मला तेही वाटलं नाही. मी कढई उपडी घातली आणि हात पुसले.

नाताळच्या सकाळी सातच्या मिसाला गेले. मध्यरात्रीच्या मिसाला जायचं मी केव्हाच सोडलं होतं. काकी सणाचं लुगडं नेसून आमच्याकडे येऊन बसल्या होत्या, जसा काही त्यांचाच सण. चर्च भरलेलं. मुलांचे नवे कपडे, टेरिकॉटचा आणि अत्तराचा वास, गाणाऱ्यांचा वरचा सूर जरा जास्तच वर. शेवटी सगळे रांगेने बाळाच्या मूर्तीच्या पायाचं चुंबन घ्यायला गेले. मीही गेले. ओठांना गार प्लास्टर लागलं. माझ्यामागे एक मुलगी उभी होती, तिला घाई होती. मी बाजूला झाले.

घरी आले तर दारातच काकींनी माझ्या केसात काहीतरी खोचलं.

मी हात लावून पाहिलं. पिवळे कोंब. आत पाहिलं तर गोठा भादरलेला. टोपलीत नुसती माती, एक कोंब शिल्लक नाही. एक जुडी काकींच्या अंबाड्यात, एक आईच्या कानावर केसांत नीट खोवलेली. दसऱ्याला घट उठले की रुजवण काढून बायका केसांत घालतात, पुरुष टोपीत घालतात, तसंच काकींनी सण उजाडला म्हणून काढून टाकलं होतं. आमचा गोठा तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारी लागून आठवडा होईपर्यंत, तसाच ठेवायचा असतो हे त्यांना कोण सांगणार?

"सण झालो मा? मग काढूक व्हया," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. राग यायला पाहिजे होता. निदान हसू तरी.

मग माझं लक्ष गेलं. गोठ्यात मेंढपाळ दोनच होते आणि मेंढरू एकही नव्हतं. सगळी मेंढरं, त्या मुकादमासकट, आईच्या खाटेच्या उशाशी ट्रंकेवर दाटीवाटीने उभी होती. त्यांच्याजवळ तिसरा मेंढपाळ. त्याची पाठ गोठ्याकडे, तोंड मेंढरांकडे.

"ह्यो रवलेलो," काकी म्हणाल्या, आणि भात लावायचा आहे म्हणून आपल्या घरी गेल्या.

भाऊ दुपारच्या जेवणाआधी आला, केकचं खोकं घेऊन. बाहेर काकींनी गाठलं असणार, कारण त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी पिवळे कोंब होते आणि ते काढून टाकावे की नाही हे त्याला कळत नव्हतं. वहिनी आणि मुलं तिच्या माहेरी गेली होती, त्यालाही तिथे पोचायचं होतं. नेहमीच्या खुर्चीवर बसला. बूट पायात.

"गोठ्याचं काय झालं हे? मेंढरं कुठायत?"

"तिकडे."

त्याने ट्रंकेकडे पाहिलं. मी केक कापून बशीत दिला. त्याने खाल्ला नाही.

"मग?" तो म्हणाला. "काय ठरवलंस? मला उद्या त्यांना सांगायचं आहे."

हो हा शब्द किती छोटा असतो. माझ्या तोंडात तयार होता. मी त्याच्यासमोर उभी होते, आई माझ्या डाव्या हाताला. मी श्वास घेतला, आणि तेवढ्यात भाऊ ओरडला, "अगं, बघ, बघ तिने काय तोंडात घातलं!"

त्याचं ओरडणं संपायच्या आत माझं बोट आईच्या तोंडात होतं. मी वळले कधी, वाकले कधी, मला आठवत नाही. तिच्या डाव्या हाताने कानावरची जुडी ओढली होती आणि तोंडात कोंबली होती, आणि कोंब घशाकडे सरकत होते. मी दुसऱ्या हाताने तिची मान कुशीवर केली, गुडघ्याने तिचा खांदा रेटून धरला, बोट गालातून मागे नेलं, आकडा करून ओढलं. निघालं. पुन्हा घातलं. अजून निघालं. ती गुदमरत होती, घशातून घरघर येत होती, आणि मी काहीतरी बोलत होते, "सोड, आये, सोड, तोंड उघड," असलं काहीतरी, लहानपणी बोलायचे त्या बोलीत. शेवटचा कोंब काढताना ती चावली. जोरात. उरलेले दात मोजके होते, पण होते ते शाबूत होते.

मी किंचाळले.

मग ती खोकली, आणि श्वास नीट लागला. तोंडाला लाळ, उशीवर पिवळा चोथा. तिने माझ्याकडे पाहिलं की भिंतीकडे, आजही सांगता येणार नाही.

माझ्या बोटातून रक्त येत होतं. मी ते धरून खाटेच्या कडेवर बसले आणि मला रडू आलं. दुखत होतं म्हणूनच रडत होते, दुसरं काही नाही, पण किती दुखत होतं! बोटापासून कोपरापर्यंत सणक जात होती. इतक्या महिन्यांत एवढं लख्ख मला काहीच जाणवलं नव्हतं. भाऊ उभा होता, खुर्चीपासून दोन पावलं पुढे येऊन तिथेच थांबलेला, हात अर्धे पुढे. त्याची चूक नव्हती. त्याचे हात कधी इथे कामाला लागलेच नव्हते. आणि माझ्या हातांनी मला विचारलंही नव्हतं. मनात काही आहे का, माया आहे का, निष्ठा आहे का, यातलं काहीही न विचारता ते गेले होते आणि आईला घेऊन परत आले होते. मन सुन्न पडलं होतं तेव्हाही हात कामावरच होते. आदल्या दिवशी भांडी घासताना मी ज्याला खोटेपणा म्हटलं होतं तो हाच. आणि ट्रंकेवरचा तो तिसरा मेंढपाळ तरी दुसरं काय करत होता? त्याला त्या रात्री फार काही वाटत होतं असं कुणी लिहिलेलं नाही. थंडीने काकडला असेल, कंटाळला असेल, बाकीचे कधी येतात म्हणून वैतागला असेल. सकाळी मेंढरं सगळी होती.

"आई खंय जावची नाय," मी म्हणाले.

भावाशी मी कधी मालवणीत बोलायचे नाही. मुंबईत वाढलेलो आम्ही दोघं, मुंबईचंच बोलायचो. तो जरा दचकला.

"शहाणी आहेस का तू? आत्ता बघितलंस ना काय झालं ते?"

"बघितलं."

"आणि रोज हे करणार तू? कंटाळा नाही येत?"

"येतो. खूप येतो."

खिशातले कोंब काढून त्याने हातात चुरगळले, मग टाकायला जागा मिळेना म्हणून पुन्हा खिशातच घातले. मग खाली बसून त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट दाराबाहेर ठेवले, मोरीत जाऊन हात धुतले आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिला.

"हिची कूस कशी बदलायची, दाखव," तो म्हणाला.

मी दाखवलं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आधी आपल्याकडे ओढायचं आणि मग हळू वळवायचं. पहिल्यांदा त्याने घाईत केलं, आई कण्हली, तो घाबरून सोडायला गेला. "सोडू नको," मी म्हटलं, "धरून ठेव, सोडलंस तर तिला जास्त दुखतं." त्याने धरून ठेवलं. आई कुशीवर झाली, तोंड ट्रंकेकडे. तिचा डावा हात पुढे गेला, चाचपडला, मुकादम हाताला लागला, आणि तो तोंडाकडे निघाला तेव्हा या वेळी भावाने काढून घेतला.

दर रविवारी येईन, असं तो जाताना म्हणाला. दर रविवारी आला नाही, पण पुष्कळ रविवारी आला, आणि बूट बाहेर काढून आला. आई त्यानंतर दोन नाताळ होती. मला पुढेही कित्येक दिवस काही वाटायचं नाही, ते काही एका दिवसात गेलं नाही. पण वाटतं की नाही याच्याकडे बघत बसायचं मी सोडून दिलं.

त्या दुपारी काकी भाताची ताटं घेऊन आल्या तेव्हा उशीवरचा चोथा बघून त्या ताटं हातात धरून दारातच थांबल्या. मी त्यांना बसवलं. भाऊ बादलीतली चादर पिळत होता, अनवाणी, पँटचे पाय दुमडून. मी हळद लावून बोटाला चिंधी बांधली आणि आईला पेज भरवायला घेतली. बोट संध्याकाळपर्यंत ठणकत होतं, आणि मला ते कळत होतं.